सितारामची पसंती

ताडकळसच्या बन्सीधररावांकडे सिताराम पस्तीस वर्षं घरगडी होता. त्यांची मुलगी अर्पिता त्याच्याच खांद्यावर बसून पहिल्यांदा शाळेत गेली. आता ती गावात औषधांचं दुकान चालवत होती आणि तिला स्थळं यायला लागली होती. पाहुणे गेले, की अर्पिताची आई कस्तुराबाई आधी सितारामला विचारत, "कसा वाटला?"

परभणीच्या बँकेतल्या मुलाबद्दल तो म्हणाला, "मोबाईलातून मान वर केली न्हाई. पोरीला काय बघनार?"

गंगाखेडच्या इंजिनिअरची तीन बिस्किटं ओळीनं चहात बुडाली. "बिस्कीट सांभाळता येईना त्याला," सिताराम म्हणाला.

"सिताराम, लग्न तुला करायचंय का तिला?" बन्सीधरराव वैतागले. पण दोन्ही स्थळं बारगळली.

तिसरा हरिओम, पिंगळीचा शिक्षक. सिताराम चहा घेऊन बैठकीत आला, तसा तो उठला आणि त्याच्या हातातून ट्रे घेऊन स्वतःच सगळ्यांना कप देऊ लागला. सिताराम रिकाम्या हातानं मधोमध उभा राहिला. बन्सीधररावांनी मिशीआड हसू दाबलं.

पाहुणे गेल्यावर कस्तुराबाईंनी विचारलं. सिताराम सरळ गोठ्यात निघून गेला. त्याच्या मागोमाग अर्पिता गेली.

"काका, काय चुकलं त्याचं?"

"माझं काम हिसकावलं. पाहुन्यानं पाहुन्यासारखं बसावं."

"तुमचं वय बघून उठला असंल."

"म्हनजे मी म्हातारा दिसायलोय?"

अर्पिता हसली. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "मला पसंत हाय तो. कॉलेजपासून ओळखते मी त्याला."

सितारामच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "आन् मला आज सांगायलीस?"

"भ्या वाटलं. तुमी न्हाई म्हनलात, तर आई पुढं जानार न्हाई."

तो बराच वेळ म्हशीपुढं वैरण टाकत राहिला. म्हशीला एवढी नको होती.

"पिंगळीला जायला किती येळ लागतो, माय?"

"तासभर. सकाळी निघालात तर दुपारी घरी."

सितारामनं हात झटकले आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. "बाई, पोरगं चालतंय. चहा बशीत सांडतो, पन शिकंल."

लग्न वैशाखात झालं. पाचव्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन सिताराम पिंगळीला गेला. दुपारी यायचा, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला.

"कसं हाय घर?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"घर बरं हाय. पोरगी खुशीत हाय." पायातल्या चपला काढत तो जरा थांबला. "भाजीत मीठ मातर जावईच टाकतो. जास्तच टाकतो."

पुढच्या सोमवारी तो पुन्हा पिंगळीला निघाला. या खेपेला बरणी न्यायचीही त्याला गरज वाटली नाही.