कानसेन

“ऐकलंस? ती आपलं नाव सांगतेय.”

बत्तीस वर्षांपूर्वी याच खाडीत डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या कानांवरचे हेडफोन काढून त्याच्या कानांवर ठेवले होते. पाण्याखालून एक शीळ आली, चढली, लाडात वळली, विरून गेली. “प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी. पिल्लू झालं की आई दिवसचे दिवस तीच घालत राहते. लेकरानं चुकू नये म्हणून.”

तेव्हापासून तो ऐकतच आला. बंदरानं त्याचं नावच ठेवलं, कानसेन.

आता बोट खाडीच्या मध्यावर डोलत होती. माइक पाण्यात सोडलेला. बंदर खोल करायला तळाचा खडक फोडायचा तर नियम असा, की आधी अर्धा तास कानसेननं ऐकायचं. शीळ आली नाही, तर वॉकीटॉकीवर म्हणायचं, ‘मोकळं.’ मग सुरुंग.

“काय कानसेन, माशांची सभा संपली का?” काठावरून सुरुंगवाला वॉकीटॉकीवर खिदळला.

“मासे नाहीत रे ते. श्वासाला वर येतात, तुझ्या-माझ्यासारखे.”

“बरं, पाहुणे म्हणू. दहा मिनिटं राहिली.”

सुरुंगवाल्याचा घोगरा आवाज लख्ख ऐकू येत होता. जाड आवाज सगळे शाबूत होते. बारीक तेवढे गेले होते. गेल्या महिन्यात तापलेल्या नातीच्या काखेत थर्मामीटर लावून तो नुसताच बसून राहिला, तेव्हा बायको धावत आली. “अहो, कधीचा वाजतोय! कानांत बोळे घातलेत का?” लक्ष नव्हतं गं, म्हणून तो हसला. मग दार लावून थर्मामीटर कानाशी धरून बसला. एकदा, दोनदा, दहादा.

तरीही मंगळवारी तो बोटीवर चढला. अर्धा तास शांतता ऐकली आणि म्हणाला, ‘मोकळं.’

बुधवारी एक मादी दिसली. मेलेलं पिल्लू तोंडानं वर उचलून धरत होती, त्यानं श्वास घ्यावा म्हणून. निसटलं की बुडी मारायची, पुन्हा वर आणायचं. चार दिवस. बोटीची धडक बसली असेल, लोक म्हणाले. त्यानंही मान डोलावली.

आज पाणी रिकामं होतं.

“गेली असेल हो, दादा,” बोटवाला म्हणाला. “किती दिवस वाहणार?”

गेली असेल. किंवा इथंच असेल, बोटीच्या पोटाखाली, हाका मारत. हेडफोनमध्ये फक्त त्याच्याच रक्ताची घरघर होती. डॉल्फिन कानांनी बघतो. सुरुंगानं कान फुटले, की जितेपणी आंधळा.

“वेळ झाली, कानसेन. बोला.”

‘आहे’ म्हटलं असतं तरी भागत होतं. आजचा सुरुंग टळला असता, अब्रूही राहिली असती. उद्या पुन्हा हीच बोट, हेच कान.

त्यानं बटण दाबलं. “मला शीळ ऐकू येत नाही.”

“म्हणजे मोकळं ना?”

“नाही! थांबव. माझे कान गेलेत रे. बारीक आवाज येतच नाही मला.”

बोटवाला वळून बघत राहिला. पलीकडचं ऐकायचं तर बटण सोडायला हवं होतं. त्यानं ते दाबूनच धरलं, घट्ट.

“मंगळवारीही येत नव्हता.”