बुळबुळीत पट्टी

सलग तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, तेव्हा कडूबानं मेंढरं विकली आणि तो शहरात, गारखेड्यात पोराकडं राहायला आला. येताना तळपायात काटा घेऊन आला, पण साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. त्याला पत्ताच नव्हता. फरशीवर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हा सुनेनं, प्रांजलीनं, त्याला दवाखान्यात नेलं.

सिस्टरनं जखम धुऊन आत पांढरी, मऊ पट्टी भरली. "बाबा, ही आम्हीच बदलणार. पाय टेकवायचा नाही. अन् घरी रोज कुणीतरी पाय बघायचा."

"सून बघंल की," कडूबा म्हणाला.

पण सुनेपुढं तळपाय करायचा कसा? तिनं विचारलं की तो चादर ओढून घ्यायचा. "बरा हाय."

पोरगा भारत वाळूजला कंपनीत, प्रांजली औरंगपुऱ्यात दुकानात. उभा जन्म रानोमाळ हिंडलेला माणूस दिवसभर रिकाम्या घरात खाटेवर पडून. खाली पाण्याचा टँकर आला की बायांचा गलका तेवढा वर यायचा. त्यात ओळखीचा आवाज एकही नसायचा.

एका दुपारी पट्टीच्या कडेनं पिवळट, बुळबुळीत काहीतरी बाहेर आलं. पू झाला! विचारायचं कुणाला? त्यानं पट्टी ओढून काढली, हळद दाबून भरली, धोतराची चिंधी बांधली. दुखलं काहीच नाही. त्याचीच त्याला लई भीती वाटली.

संध्याकाळी प्रांजलीला चादरीवर रक्त दिसलं. "मामा, मला फोन का नाय केला?"

"तुला पायाला हात लावायला सांगू व्हय?"

ती तशीच खाली जाऊन रिक्षा घेऊन आली.

सिस्टरनं हळद धुऊन काढली. "तो पू नव्हता, बाबा. ही पट्टी जखमेतलं पाणी पिते अन् तिचीच अशी खळ होते."

"मेंढराची जखम आम्ही कोरडी ठिवायचो."

"ही ओलीच ठेवायची. ओलीत नवी कातडी लवकर धरते."

तिथंच प्रांजलीनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि वाकून बघितला. कडूबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. बायको गेल्यापासून त्याला असा हात कुणी लावला नव्हता.

जखम भरायला दिवाळी उलटली. पाय वाचला, पण रानात हिंडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मऊ तळाची नवी चप्पल घालून तो पहिल्यांदाच एकटा जिना उतरला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला.

"नवीन आलात का, बाबा?" टपरीवाल्यानं विचारलं.

इतके महिने इथंच वर पडून होतो, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं. पण टपरीवाला तोवर दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला होता.

"व्हय," कडूबा म्हणाला, आणि बाकड्याच्या टोकाला बसला.