झेंडा शेवटी

एन्कहाउझेनच्या अख्ख्या बंदरात फॉपकाकांइतका चुका काढणारा माणूस नव्हता. हिल्लेच्या चित्रकार बाबांकडे स्वतःच्या बोटीचं चित्र काढायला दिलं की ते रोज येऊन नाक टेकवून एकेक दोर तपासत.

"विब्रांट, हा दोर इथे नाही बांधत."

"मग तूच बांध," बाबा म्हणायचे. "चित्रही तूच काढ. मी बसतो तुझे मासे खारवत."

रंग घोटता घोटता हिल्लेला हसू आवरायचं नाही.

या खेपेचं चित्र फॉपकाकांच्या 'सोनेरी हेरिंग' या बोटीचं होतं. शिडं वाऱ्याने टम्म फुगलेली, बोट बंदराकडे येतेय. फक्त झेंडा नव्हता. बोट खरोखर घरी आल्याशिवाय बाबा चित्रात झेंडा चढवत नसत. आणि या बोटीवर तर हिल्लेचा भाऊ सीवर्ट होता.

वादळानंतर बाकीच्या बोटी आल्या. त्यांतल्या एकीने 'सोनेरी हेरिंग'चं तुटकं सुकाणू आणलं.

आईने सीवर्टची ताटली आता लागणार नाही म्हणून फळीवर ठेवली. बाबांनी ती काढून परत टेबलावर मांडली. चित्राचं विचारलं की म्हणायचे, "लाटा राहिल्यात अजून." लाटांवर लाटा चढत गेल्या, समुद्र जाडजूड झाला, आणि हिल्ले मात्र निळा रंग घोटतच राहिली. बाबांना थांबा म्हणायचं तिच्या जिभेवर यायचं, पण धीर व्हायचा नाही.

शेवटी फॉपकाकाच आले. टोपी हातात.

"विब्रांट, त्या बोटीवर माझा जावईही होता. पोरीला हे चित्र हवंय. तिच्याकडे दुसरं काहीच नाही रे. चढव झेंडा."

बाबांनी बराच वेळ ब्रश नुसता धरून ठेवला. मग पाठमोरे होऊन झेंडा रंगवला.

हिल्लेने पाहिलं आणि तिचं रंग घोटणं थांबलं. वारा मागून येतोय, शिडं पुढे फुगलीत, म्हणजे झेंडाही पुढे, बंदराकडेच फडफडायला हवा. बाबांचा झेंडा मागे, सीवर्ट राहिला त्या समुद्राकडे उडत होता. अशी चूक बंदरातलं शेंबडं पोरही करणार नाही. बाबांनी तर जन्मात केली नव्हती.

रंग वाळल्यावर फॉपकाका चित्र न्यायला आले. सवयीने नाक टेकवलं. त्यांचं बोट दोरांवरून फिरत फिरत झेंड्यापाशी पोचलं आणि तिथेच थांबलं.

"दोर सगळे बरोबर आहेत," ते म्हणाले. चित्र त्यांनी स्वतःच्या कोटात गुंडाळलं आणि तसेच थंडीत निघून गेले.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. आईने पुन्हा उचलून ठेवलेली सीवर्टची ताटली या वेळी फळीवरच राहिली.