गळक्या झाकणाची कैफियत

मी एक झाकण बोलतोय. डब्याचं नव्हे, पातेल्याचंही नव्हे. पिकअप गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात दातेरी चाकं दाट तेलात बुडून फिरत असतात. त्या गोळ्याचं मी झाकण. दहा बोल्टांनी आवळलेलं. मला बघायचं तर माणसाला गाडीखाली उताणं झोपावं लागतं, म्हणून मला फारसं कुणी बघत नाही.

कारखान्यात एका दणक्यात माझा जन्म झाला. सपाट पत्रा होतो, साच्याखाली गेलो आणि वाटीसारखा होऊन बाहेर आलो. पुढे अमेरिकेत, सुपीरियर सरोवराकाठच्या एका गावात वायनो कांगासच्या दारी आलो. वायनो गिरणीत लाकूड कापायचा. त्याची बायको इल्मी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघंही मितभाषी. घरात दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तर खूप झाली म्हणायची.

तिकडे सहा महिने बर्फ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ खालून आम्हाला खातं. सतराव्या वर्षी माझ्या कडेचं पॅकिंग कुजलं आणि मी गळायला लागलो. थेंब थेंबच, पण रोज.

वायनोनं मला नोव्हेंबरात सोडवलं. हरणांच्या शिकारीचा हंगाम दुसऱ्या दिवशी उघडणार होता, दोस्त रानातल्या खोपटावर जमले होते. त्यानं मला पुसल्यासारखं केलं, कडेला सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, जाड थर दिला आणि बसवलं. नळीवर लिहिलं होतं, तेल भरण्याआधी काही तास वाळू द्या. त्यानं एक सिगारेट ओढली, तेल भरलं आणि निघाला.

थर आतल्या आत ओलाच राहिला. मी पुन्हा गळू लागलो.

"गाडीखाली टाकलेल्या पुठ्ठ्यावर डाग पडतोय," इल्मी म्हणाली.

"म्हातारी गाडी आहे, गळणारच. मीसुद्धा गळतो."

"तू निदान संडासात जातोस."

"रविवारी बघतो."

रविवार येत गेले, जात गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी डुलुथ शहरातून फोन आला. इल्मीची धाकटी बहीण साइमा तिथे राहायची. फोन तिच्या मुलाचा, रूडीचा होता. आईचे आता थोडेच दिवस उरलेत, येणार असाल तर या, म्हणाला.

दोघी बहिणी अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. दोघींच्या आईला तिच्या शेवटच्या आजारात साइमानं वृद्धाश्रमात ठेवलं होतं. दफनानंतर सगळे कॉफी पीत असताना इल्मी भरल्या हॉलमध्ये म्हणाली होती, "तू आईला टाकलीस." तेवढंच एक वाक्य. त्यानंतर नाताळची कार्डंसुद्धा बंद झाली.

त्या दिवशी इल्मीनं वेलदोड्याचा पाव भाजला, टॉवेलात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. चार तासांचा रस्ता.

दोन तासांनी माझ्या आतून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला.

"हे काय वाजतंय?" इल्मीनं विचारलं.

"वारा असेल."

"वारा मागच्या चाकातून येतो होय?"

मग जळकट वास सुटला. वायनोनं पुढच्या गावातल्या गॅरेजात गाडी घातली. मालकीण डोरीन. दणकट बाई, वडिलांचं गॅरेज एकटी चालवायची. तिनं गाडी लिफ्टवर चढवली. तेल भरायचा बोल्ट आधी सोडवून पाहिला, कारण तोच निघाला नाही तर झाकण उघडून उपयोग काय? मग मला काढलं.

"तेल कुठंय? कॉफीचा अर्धा कप पण नाही यात! आणखी वीस मैल गेला असतात तर चाकं जाम होऊन रस्त्यातच बसला असतात." तिनं माझी कड नखानं खरवडली. "हे कुणी थापलं? केकवर क्रीम थापतात तसं?"

"मी," वायनो म्हणाला.

"आणि वाळू नाही दिलंत."

"त्याला शिकारीला जायचं होतं," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून इल्मी म्हणाली. वायनोनं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

डोरीननं मला बाकावर ठेवून तारेच्या ब्रशनं घासलं. जुना थर, गंज, मीठ, सगळं. इतक्या मायेनं मला कुणी कधी धुतलं नव्हतं. "या मॉडेलचं पॅकिंग माझ्याकडे नाही. सीलंटच लावते, पण नीट. आता अकरा वाजलेत. तीनला तेल भरू, तोवर हात लावायचा नाही."

"तुमची गाडी मिळेल का?" वायनोनं विचारलं.

"नवरा घेऊन कामावर गेलाय, पाचला येतो. बस आहे ती संध्याकाळची."

तिनं माझ्या कडेवर सीलंटची बारीक, अखंड रेघ ओढली, मला जागेवर बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे एकेक करत आवळले. मग इल्मीपुढे फोन ठेवला. पलीकडे रूडीनं रिसीव्हर आईच्या कानाला लावला.

"साइमा? मी इल्मी." तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आम्ही निघालोय गं. वाटेत गाडी जरा... येतेच. आईसारखा पाव केलाय. वाट बघ."

फोन ठेवल्यावर वायनोनं विचारलं, "तेवढंच? त्या दिवशीच्या वाक्याबद्दल काही बोलली नाहीस?"

"ते काय फोनवर सांगायचं? समोर बसून सांगीन."

दोन वाजता वायनोला राहवेना. "झालं असेल हो वाळून. भरा तेल, निघतो आम्ही."

डोरीननं इल्मीकडे पाहिलं. इल्मीचे हात पावावर होते.

"नको," ती म्हणाली. "या खेपेला वाळू दे."

तीनला तेल भरलं. पुढचा सगळा रस्ता मी एक थेंब सोडला नाही. पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. रूडी कोट न घालता बर्फातून गाडीपाशी आला.

"मावशी," तो म्हणाला, "आई जाऊन वीस मिनिटं झाली गं."

इंजिन चालूच होतं. रूडी म्हणाला, "तुझा फोन आल्यापासून तिनं दारावरची नजर काढली नव्हती."

तो आत गेला. ही दोघं बसूनच होती.

"दोनला निघालो असतो तर," वायनो म्हणाला. "नोव्हेंबरात मी नीट..."

"मीही सकाळपासून तेच म्हणत होते. तुलाच दोष देत होते." इल्मीनं दार उघडलं. थंडी आत आली. "पण अकरा वर्षं गाडी चांगली होती, वायनो."

पाव छातीशी धरून ती घरात गेली. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. मी गाडीखाली.

त्यानंतर पाच वर्षं मी गळलो नाही. डोरीनची ती रेघ शेवटपर्यंत टिकली; पत्राच मिठानं झिजला, मला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली आणि वायनोनं माझ्या जागी नवं झाकण बसवलं. बसवलं आणि अख्खा दिवस गाडीला हात लावला नाही. आता मी त्याच्या छपरीमागे गवतात पडलोय. पावसाचं पाणी माझ्यात साठत नाही, भोकांतून निघून जातं. येत्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे.

इल्मी मला बघून जाते. वाटलं होतं, एखाद दिवशी लाथ मारील. मारली नाही. मागच्या शनिवारी ती वाकली, माझ्यावरची पानं झटकली आणि म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे बाबा."

तेच तिला कुणाला तरी म्हणायचं होतं. मी ऐकून घेतलं. पण मी लोखंड. साइमाला निरोप कसा पोचवू? तुमचा असा कुणी जिवंत असेल तर तुम्हीच जा. तुमची गाडी आज चालतेय.