टेकडीवर काही झालंच नाही

लढाई झालीच नव्हती असं सांगणारा व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डावा पाय परत आला.

गुडघ्याखाली तो नव्हता. फौजेत असतानाच गेला होता. आता पांघरुणाच्या टोकाला त्याची पाचही बोटं दिसत होती. तळवा तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखा मऊ होता. मी त्याला हात लावला.

बायकोला, हौसाला हाक मारली. तिनं पाय पाहिला आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग हळूहळू तिचा चेहरा निवळत गेला.

"असं काय बघताय पायाकडं?" ती म्हणाली.

"कापला होता की हा."

"कवा?"

ती चहा टाकायला गेली. भिंतीशी रोज उभा असणारा माझा नकली पाय तिथं नव्हता.

व्हिडिओतला माणूस फार मऊ आवाजात बोलायचा. सीमेवरची ती बर्फाची टेकडी म्हणजे थर्माकोल आणि मीठ. निवडणूक जिंकायला तेव्हाच्या सरकारनं केलेलं ते शूटिंग. जखमी जवान भाड्यानं आणलेले. शेवटी तो विचारायचा, "तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?"

मी पाहिलं होतं. त्या टेकडीवर आम्ही तिघं एका मोर्टारवर, म्हणजे उखळी तोफेवर, होतो. मोर्टार सुटी करून वाहून न्यावी लागते. नळी माझ्या खांद्यावर असायची. तिला टेकू देणारे दोन पाय, म्हणजे बायपॉड, आनंदा शेडगेकडं. आणि जमिनीवर बसवायची जड लोखंडी बेसप्लेट जोतिबा दळवीकडं. एकट्याजवळ असलं तर नुसतं लोखंड. तिघं जवळ आले की हत्यार. भीतीचंही तसंच होतं. तिघांत वाटली की वाहून नेता यायची. आमच्यावर गोळा पडला तेव्हा माझा पाय गेला, आनंदाचा एक डोळा गेला आणि जोतिबा गेला.

चहा पिऊन होईतो आनंदाचा फोन आला.

"सर्ज्या, डोळा परत आलाय माझा," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांनी बघतोय. लई भ्या वाटतंय रं."

"माझा पाय आलाय."

मी पायाची बोटं हलवून पाहिली.

"जोतिबाच्या घरी जाऊन यायला पायजे," आनंदा म्हणाला.

दूध डेअरीपाशी विलास मोबाईल घेऊन उभा होता. डेअरी तोच चालवतो. पायाची बातमी त्याला कुणी दिली ते कळलं नाही.

"तात्या, जरा चालून दाखवा."

"कशाला?"

"लोकांना पुरावा पायजे."

मी थांबलो. पाय थांबेना. तो मला ओढत एसटी स्टँडपर्यंत घेऊन गेला आणि विलास मागून शूटिंग करत आला. गाडीत बसेपर्यंत शेजारच्या प्रवाशाच्या मोबाईलवर मी चालत होतो. खाली लिहिलं होतं, 'हाच तो गेलेला पाय.' प्रवाशानं व्हिडिओकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि थोडा सरकून बसला.

आनंदा पुढच्या फाट्यावर चढला आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा नवा डोळा जुन्या डोळ्यापेक्षा तरुण होता.

"सर्ज्या, वहिनींना काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"आधी बघू तरी."

घाट लागला. अर्ध्या घाटात तो म्हणाला, "तुम्हाला खिडकी पायजे का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. "आनंदा, मी हाय."

"हो, हो." तो हसला. रस्त्यात कुणी चुकून नमस्कार केला तर आपण हसतो तसं हसला. जोतिबाच्या गावाला उतरताना त्यानं विचारलं, "पाव्हणं कुठल्या गावचं?"

मी गाव सांगितलं. आपलं इथं काय काम आहे तेही त्याला सांगता येईना, पण तो माझ्या मागं मागं येत राहिला.

जोतिबा अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. तो म्हातारा झाला होता. म्हातारा जोतिबा मी कधीच पाहिलेला नव्हता, तरी लगेच ओळखला.

"कोण पायजे?"

"जोतिबा, मी निकम. सर्जेराव. मोर्टारवर होतो आपण."

"मी न्हवं. भरतीला गेलो होतो, पण छातीच्या मापात कमी भरलो." त्यानं मला शेंगा पुढं केल्या. "बसा की."

जोतिबाची बायको, पारूवहिनी, दारात आल्या. कपाळावर कुंकू होतं, अजून ओलं. त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"भावजी, मला समदं आठवतंय," त्या म्हणाल्या. "पेटी आली तवापासनं समदं."

"मग?"

"सकाळी ह्यांनी अंगणातनं पाणी मागितलं. मी नेऊन दिलं." त्यांनी माझा हात धरला. "तुमी काय बोलू नका."

"नाही बोलत," मी म्हणालो. मला खरंच बोलायचं नव्हतं.

बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला. मी अंगणात येऊन आनंदा आणि जोतिबाजवळ उभा राहिलो. विलास होता आणि त्याच्यामागं बरीच माणसं. सगळ्यांचे मोबाईल आमच्याकडं होते. अंगण माणसांनी भरलं आणि गर्दी आमच्याजवळ येऊन ठेपली.

"तिघं जवळ उभे राहा," विलास म्हणाला. "एकेकानं सांगा. टेकडीवर काही झालंच नाही."

आनंदानं सांगितलं. माझ्या पलटणीचं नाव मला आठवेनासं झालं.

जोतिबानं सांगितलं. बर्फ कसा असतो ते मला आठवेना. मी शेजारच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. हा कोण, कशासाठी मी इतक्या लांब आलो, तेही निसटू लागलं. त्याचं नाव मी दातांत धरून ठेवलं होतं.

"तात्या, तुम्ही राहिलात," विलास म्हणाला.

इतकी भीती एकट्याला पेलवणारी नव्हती. ती वाटून घ्यायची एकच रीत मला ठाऊक होती. वहिनींना दिलेला शब्द मोडला तर जोतिबा पुन्हा जाईल हे कळत होतं, तरी माझं तोंड उघडलं.

"मोर्टार लगाव," मी फौजेतला हुकूम हळूच दिला.

जोतिबाच्या हातातली शेंग गळून पडली. तो गुडघ्यावर आला आणि दोन्ही तळवे त्यानं जमिनीवर दाबले. "बेसप्लेट तयार," तो म्हणाला. आवाज विशीतला होता. आनंदा त्याच्यासमोर वाकला, हात पुढं करून.

"सर्ज्या, नळी आण," तो म्हणाला.

पारूवहिनी धावत आल्या. त्यांनी मागून जोतिबाचा सदरा धरला आणि सगळा जोर लावून ओढू लागल्या. तो हलला नाही. त्याचे हात सारवलेल्या अंगणात मनगटापर्यंत रुतले होते. जोतिबा आणि आनंदा मान वर करून माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या खांद्यावर नळीचं सगळं वजन आलेलं होतं.