सातच्या खुणेखालचा डाग

इस्रायलमधल्या बेर्शेबात मराठी ज्यूंच्या, बेने इस्राएलांच्या, प्रार्थनालयामागच्या हॉलमध्ये एलियाहू प्रेषिताच्या नावाने केलेल्या मलिद्याच्या ताटातले गोड पोहे संपले, तरी कुणी उठेना. समोर पांढऱ्या कापडावर एक बंद मनगटी घड्याळ ठेवलं होतं आणि त्यामागे जोसेफबाबा उभा होता. मोरोक्कोहून आलेले लोक आपल्या संतांना बाबा म्हणतात, आपण मराठी लोकही म्हणतो. त्यामुळे रामला गावचा जोसेफ इथे आला आणि कुणाला विचारावंही न लागता बाबा झाला.

"बगदादच्या हाखामांनी, थोर धर्मगुरूंनी, प्राण सोडला, त्या क्षणी हे थांबलं," तो सांगत होता. "याला सेल नाही, चावी नाही. ज्याची प्रार्थना वर पोचते त्याच्याच हातात हे चालतं. घड्याळ सेलवर चालतं म्हणता, मग सेल कुणावर चालतो?"

प्रश्नाला काही अर्थ नव्हता. पण माना डोलल्या.

जोसेफने तिसऱ्या रांगेत बसलेल्या रूथच्या नवऱ्याला, एफ्राईमला, पुढे बोलावलं. एफ्राईमच्या हृदयात धातूची झडप होती. रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची आणि कुपात होलिम या आरोग्य-विम्याच्या दवाखान्यात वरचेवर रक्त तपासायचं, असं त्याचं आयुष्य झालं होतं. त्याला त्याचा वीट आला होता.

"शेमाची प्रार्थना म्हणा," जोसेफ म्हणाला. "हात आकाशाकडे, मग छातीवर. पुन्हा आकाशाकडे. थांबू नका."

एफ्राईमने घड्याळ मुठीत धरून मन लावून हात हलवले. तळहात उघडला तेव्हा सेकंदकाटा फिरत होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्याच्या आधी एका म्हातारीचा कापरा हात जेमतेम खांद्यापर्यंत गेला होता आणि तिच्या हातात घड्याळ चाललं नव्हतं. "मनात शंका आहे, मावशी," जोसेफ प्रेमाने म्हणाला होता. ती रडत जागेवर गेली होती.

मूळ घड्याळ विकायचं नव्हतं. पण त्याच्या नकला, मुळाशेजारी रात्रभर ठेवून पावन केलेल्या, मिळत होत्या.

एफ्राईमने सारी नोकरी छापखान्यात काढली होती, आधी मुंबईत, मग इथे. प्रुफं तपासणारा माणूस. नक्कल घेण्याआधी त्याने फोटो मागवले. मुलगी रोतेमने ते ई-मेलवर उतरवून कागदावर छापून दिले. वर ती हिब्रूत काहीतरी पुटपुटली, ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डाव्या डोळ्याला भिंग लावून तो तासन्तास बसायचा. काटे सरळ आहेत का, तारीख खिडकीच्या मधोमध आहे का, अक्षरं उठली आहेत का.

"हे नको," तो एकदा म्हणाला. "सातची खूण तिरकी आहे. खाली शाईचा डागही आहे."

जोसेफने दुसऱ्याचा फोटो पाठवला. ते निर्दोष होतं. एफ्राईम खूश झाला. "मला फसवणं सोपं नाही," तो रूथला म्हणाला. घड्याळ आलं. त्याच्या पाठीवर पवित्र नावाचा कागद चिकटवलेला होता आणि तो काढला तर आशीर्वाद जाईल अशी ताकीद होती.

काही आठवड्यांनी रूथला दवाखान्यातून नर्सचा फोन आला. एफ्राईम रक्त तपासायला का येत नाहीत?

"मी गोळ्या सोडल्या," एफ्राईमने शांतपणे रूथला सांगितलं. "उंदरांना मारायला तेच औषध घालतात, माहीत आहे? बाबांनी सांगितलं. आता हे चालतंय तोवर माझं हृदय चालणार."

"अहो, मीठसुद्धा बरणीभर खाल्लं तर माणूस मरेल. म्हणून आमटीत घालायचं नाही का?" रूथ म्हणाली.

तो उठून बाहेर गेला. रूथने विनवलं, भांडली, रोतेम रडली. घरात बोलणं कमी झालं.

मग त्याला ताप आला. दोन दिवस तो पलंगावर निपचित पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली ती रूथला ओळखू येईना, इतका आवाज बदलला होता.

"रूथ, थांबलं गं."

त्याने मनगट पुढे केलं. डॉक्टर नको, बाबांना फोन लाव, म्हणाला. जोसेफ फोनवर म्हणाला, "तुमच्या घरात कुणीतरी शंका घेतली." एफ्राईमने बायकोकडे पाहिलं. ती नजर तिला आयुष्यभर विसरता आली नाही.

त्याला धीर यावा म्हणून ती घड्याळ चालू करून घ्यायला जोसेफकडे निघाली. जोसेफ बाजारामागे उतरला होता. रोतेमला बापाजवळ बसवून तिने घड्याळ बटाट्यांच्या पिशवीत टाकलं आणि चालत गेली. जोसेफच्या दारात पिशवीत हात घालते तो घड्याळ टिकटिकत होतं.

प्रार्थना कुणीच केली नव्हती. ती जिन्यात उभी राहिली आणि नखाने पाठीवरचा कागद सोलला. खाली काच होती. काचेआड अर्धचंद्राच्या आकाराचा एक जड पत्रा, हात हलला की गरकन फिरणारा. तो फिरला की आतली स्प्रिंगची कमान गुंडाळली जात होती. म्हणून "थांबू नका"! म्हणून म्हातारीचं चाललं नाही, आणि म्हणून आजारी माणूस पडून राहिला की घड्याळ बंद पडायचं.

दार न ठोठावता ती परतली. एफ्राईमची बोटं तिने त्याच्याच नाडीवर ठेवली.

"घड्याळ बंद पडलं तेव्हाही ही चालू होती. आता हे बघा."

तिने काच दाखवली, मग जोसेफने पाठवलेले फोटो बाहेर काढले. नकलेशेजारी मूळ घड्याळही त्यात होतं. एफ्राईमने आजवर फक्त आपल्या नकलेचीच बाजू तपासली होती. पवित्र वस्तूत खोट कोण शोधतो?

त्याने सवयीने भिंग डाव्या डोळ्याला लावलं, क्षणभर थांबला आणि उजव्या डोळ्याला नेलं. बराच वेळ गेला.

"मी नाकारलेल्या नकलेवर होता तोच डाग हाखामांच्या घड्याळातही सातखाली," तो म्हणाला. "तिरकी खूणही तीच. एकाच छाप्यातून निघालेत. हे मूळ नाहीच."

रूथचं लक्ष दुसरीकडे होतं. "डोळा का बदललात?"

"डाव्याने चार दिवस अर्धं दिसत नाही. म्हटलं, सांगू नये."

तिने लगेच रुग्णवाहिका बोलावली. रक्ताची गुठळी डोळ्यात गेली होती. ती मेंदूत गेली नाही, हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डोळ्याची गेलेली दृष्टी मात्र परत आली नाही.

जोसेफच्या पुढच्या सभेत रूथ बटाट्यांची पिशवी घेऊन गेली. बंद घड्याळ सगळ्यांना दाखवून तिने पिशवीत टाकलं आणि रांगांमधून हलवत फिरली. बाहेर काढलं तेव्हा ते चालत होतं.

"शंकेखोर हातांनी पवित्र वस्तूची थट्टा..." जोसेफने सुरुवात केली.

"पिशवीत बटाटे आहेत, बाबा. त्यांच्या मनात शंका नसावी."

थोडे हसले. पुष्कळ जण चिडले. "बाईला देव नको झालाय," कुणी ओरडलं. रूथने घड्याळ पालथं करून ते आणि फोटो हातोहात फिरवले. काहींनी ते न बघताच पुढे दिले.

तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती मल्का, पुरीम सणाच्या सुमारास वारलेल्या नॅथनची बायको. तिच्या घरात शंका होती म्हणून तो गेला, असं जोसेफने तिला सांगितलं होतं.

"नॅथननेही गोळ्या सोडल्या होत्या," ती म्हणाली. "त्याचा देह घरातून नेला, तेव्हा त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालू होतं. मला वाटलं, माझ्याच पापामुळे देवाने उलटं दाखवलं. मी कुणाला सांगितलं नाही."

जोसेफ कापड गोळा करायला लागला.

रूथ मल्काजवळ गेली. तिचा हात धरून ती सगळ्यांना म्हणाली, "कमान भरली की घड्याळ दीड-दोन दिवस चालतं, माणूस असो वा नसो. तुझं पाप काही नव्हतं, मल्का. एलियाहू हनाबीला हाक मारा, मीही मारते. पण गोळी सोडू नका, रक्त तपासायला जा. आणि शंका घेणं पाप आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच्या हातातली वस्तू आधी उलटी करून बघा."