दोन डोंगरांमधली माती

"दुपारपर्यंत उचला बाई, नाहीतर मी ही मागच्या बागेत ओततो. माळी कधीचा माती मागतोय."

कोल्ड रूमचा राखणदार हे अगदी सहज बोलला. त्याच्या पायाशी आईच्या नळ्या मोळीसारख्या रचून ठेवल्या होत्या. हातभर लांब, उभ्या चिरलेल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. आत काळपट गाळ.

"ही बागेत घालायची माती नाही," मी म्हणाले. "दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची आहे."

"मग तर खत म्हणून झकासच."

मामा हसला. आईचा हा धाकटा भाऊ. गाडी त्याची, म्हणून त्याला बरोबर आणलं होतं आणि सकाळपासून त्याचा पश्चात्ताप करत होते. "तायडीनं जन्मभर चिखल गोळा केला," तो म्हणाला, "आणि आता तो माझ्या डिकीत. कालच धुतलीय गाडी."

"मामा, प्लीज."

"अगं, बोलू तर दे. बोललो नाही तर रडेन."

आईला जाऊन दोन महिने होत होते. तिच्या संस्थेचा फोन आला तो सांत्वनासाठी नव्हता. कोल्ड रूममध्ये नवं यंत्र बसवायचं होतं आणि आईची माती जागा अडवून बसली होती.

आई परागकण मोजायची. हे सांगितलं की लोक मधाबद्दल विचारत. सुरुवातीला ती समजावून सांगे. फुलांमधून उडालेला पराग तळ्यात पडतो, गाळाखाली दबतो. त्याचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षं टिकतं. त्या गाळात नळी ठोकायची, उभा तुकडा वर काढायचा, थराथरातून चिमूटभर माती घेऊन ती आम्लात विरघळवायची. उरतो तो पराग. तो सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचा. गवताचा जास्त निघाला तर तिथे तेव्हा माळ होता, झाडांचा निघाला तर रान. पुढे पुढे ती समजावून सांगेनाशी झाली. "हो, मधासारखंच काहीतरी," म्हणायची. संस्थेत तिला मागून 'धूळवाली बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

तिचा सगळा जन्म एका खारीच्या मागे गेला. दोन डोंगररांगा, मधे उघडा माळ. दोन्ही डोंगरांवर तीच खार, जी झाडावरून जमिनीवर पाय ठेवत नाही. मग ती पलीकडे गेली कशी? माळाच्या मधोमध एक आटलेलं तळं होतं. तिथल्या गाळाच्या एका थरात आईला ओकच्या झाडांचा पराग सापडला, भरपूर. म्हणजे एके काळी या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत रान होतं आणि खारी फांद्याफांद्यांवरून गेल्या. सगळ्यांना ते आवडलं. शाळेच्या पुस्तकात चित्रसुद्धा आलं: हिरवंगार रान आणि त्यातून निघालेली खारींची वरात.

त्यानंतर काही महिन्यांनी एकदा जेवता जेवता आईचा घास हातातच राहिला. "त्या आठवड्यात खिडकी उघडी होती," ती म्हणाली.

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर ओकचं जुनं झाड होतं आणि त्या आठवड्यात ते फुलावर होतं. थरात सापडलेला पराग हजारो वर्षांपूर्वीचा असेल, नाहीतर त्याच सकाळी वाऱ्यानं आत आलेला. आम्लातून काढल्यावर दोन्ही सारखेच दिसत. हा निष्कर्ष पुन्हा तपासेपर्यंत धरू नका, असं आईनं स्वतःच्या नावानं छापलं. कुणी ते वाचलं नाही. चित्र जिथल्या तिथे राहिलं.

उपाय साधा होता. नळीचा दुसरा अर्धा भाग शिल्लक होता. त्याच थरातून चिमूटभर माती घ्यायची आणि या खेपेला खिडकी बंद ठेवायची. पण ते आम्ल काचसुद्धा खातं. त्याचा धूर बाहेर टाकणारा पंखा चालू नसेल तर, ओक फुललेला नसतानाही, ते वापरायला आता मनाई होती, आणि पंखा बिघडलेला. आई पंख्यासाठी अर्ज करत राहिली. दुरुस्तीवाले येत, पंख्याकडे बघत, चहा पीत, जात. नवा पंखा आला तो ती निवृत्त झाल्यावर, आणि निवृत्त माणसानं आम्लाला हात लावायचा नाही असा नियम. मग ती विभागप्रमुखांना फोन करी. ते तिचेच विद्यार्थी. ते म्हणत, "बघतो, मॅडम." आमच्या घरात 'बघतो' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

मी राखणदाराला म्हणाले, "मी वर जाऊन येते. तोवर मातीला हात लावू नका."

"मी कशाला लावू? माळीच लावेल."

विभागप्रमुख मला बघून उठून उभे राहिले. केस पिकले होते, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. "या ताई, बसा. मॅडमचं कळलं तेव्हा मी बाहेरगावी..."

"बसत नाही. खाली माळी उभा आहे. आईच्या त्या थरातली चिमूटभर माती तपासा. एवढंच मागायला आलेय."

ते खिडकीकडे वळले. "आत्ता नको. बाहेर बघा."

ओक फुलला होता. फांद्यांवरून बारीक तुरे लोंबत होते आणि खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर पिवळा थर बसला होता.

"मग फुलोरा संपेपर्यंत नळ्या ठेवून घ्या."

"कोल्ड रूम आजच रिकामी करायचीय. वरून आदेश आहे."

"घरी नेते मी."

"घरी बुरशी येईल. आणि तसंही... मागच्या वर्षी कोल्ड रूम बरेच दिवस बंद पडली होती. माती आता कितपत कामाची राहिलीय, सांगता येत नाही."

"हे आईला सांगितलं होतंत?"

"नाही."

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. इतक्यात मागून मामाचा आवाज आला. तो कधी वर आला होता कोण जाणे. जिने चढून त्याला धाप लागली होती.

"साहेब, फोन ठेवल्यावर तायडी काय म्हणायची, माहितीये? 'बिचाऱ्याच्या मागे किती व्याप आहेत.' बिचारा! मी तिच्या जागी असतो ना, तर तुमच्या दारात येऊन बसलो असतो. आणि उठलो नसतो."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, खिडकी का उघडली, ते मॅडमनी घरी सांगितलं होतं?"

"धूर झाला होता म्हणाली."

"आम्लापाशी मी उभा होतो. पंखा बंद होता, तरी मीच म्हणालो, उरकून टाकू. मला एकदम श्वासच घेता येईना. मॅडमनी एका हातानं मला मागे ओढलं, दुसऱ्या हातानं खिडकी उघडली. नमुने तिथेच उघडे होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? त्या शोधावर दुसरं नाव माझं आहे. ही खुर्ची मला त्याच्यावर मिळालीय. पुन्हा तपासलं आणि ओक निघाला नाही, तर..."

"तर काय?"

"तेच मला कधी बघायचं नव्हतं."

इतकी वर्षं या माणसावर माझा राग होता आणि तो राग सोपा होता. आता आईनं दंडाला धरून मागे ओढलेला एक खोकणारा पोरगा त्याच्यात दिसू लागला, आणि राग कुठे ठेवायचा ते कळेना. त्याचीच मला जास्त चीड आली.

"मग आता बघा," मी म्हणाले.

त्यांनी खणातून किल्ली काढली. "नवा पंखा तळघरातल्या खोलीत बसवलाय. तिथे खिडकीच नाही."

"मग आत्ता ओक फुललाय म्हणालात, ते?"

"म्हणालो," ते म्हणाले. खाली मान घालून जिन्याकडे निघाले.

त्या थराची नळी आम्ही तळघरात नेऊन उघडली. माती आक्रसून भेगाळली होती, भेगांमध्ये पांढरी बुरशी. विभागप्रमुखांनी ताणलेल्या तारेनं कडेचा भाग कापून टाकला, पुन्हा कापला, पुन्हा. मामा नळी दोन्ही हातांनी धरून उभा होता, ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहिल्यासारखा.

"हळू हो," तो म्हणाला. "संपवाल सगळी."

शेवटी मधे बोटाएवढा तुकडा उरला. काळा, अजून ओलसर. विभागप्रमुखांनी तो नाकापाशी नेला आणि मान डोलावली. "हा चालेल." बाकीच्या नळ्या मामानं न बोलता डिकीत भरल्या. खाली माळी नव्हताच. राखणदारानं ती धमकी आपल्या मनानंच दिली होती.

काही दिवसांनी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. 'ओक निघाला' किंवा 'नाही निघाला', काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "काच तयार आहे. मी अजून डोळा लावलेला नाही."

मी सूक्ष्मदर्शकाशी बसले. पराग ओळखायला आईनं मला शाळेत असतानाच शिकवलं होतं, इतर आया विणकाम शिकवतात तसं. ओकच्या कणाला तीन चिरा असतात. गवताचा कण गुळगुळीत, चेंडूसारखा, एका बाजूला कड असलेलं एकच भोक. मी काच सरकवत गेले. गवत. गवत. पुन्हा गवत. मला ओक हवा होता. एवढे दिवस मी स्वतःला सांगत होते की मला फक्त खरं काय ते हवंय, पण ते खोटं होतं. ते आईला हवं होतं. मला ते चित्र खरं ठरायला हवं होतं, त्या वेड्या वरातीसकट, आणि दिसत होतं ते गवत. मैलोन्‌मैल गवत.

मी मान वर केली. "नाहीये."

ते म्हणाले, "म्हणजे मॅडमना आलेली शंका बरोबर होती."

"मग ती खार पलीकडे गेली कशी?"

"माहीत नाही."

"एवढं सगळं करून माहीत नाही?"

"नाही, ताई." त्यांनी खिशातून पेन काढलं. "मी हे छापतो. दोन्ही नावांनी. आधी त्यांचं, मग माझं."

तेवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. ती असताना हे एका दुपारचं काम होतं. मी खुर्ची मागे सारून उठायला लागले.

"उठू नका," ते म्हणाले. "काच अर्धी सोडायची नसते. उत्तर कळलं तरी." त्यांनी स्टूल ओढलं, एक कोरा कागद पुढ्यात घेतला, त्यावर रकाने आखले आणि विद्यार्थ्यासारखे पेन रोखून बसले. "तुम्ही सांगा. मी खुणा करतो."

मी पुन्हा डोळा लावला.

"गवत," मी म्हणाले.

"हं."

"गवत."

"हं."

"गवत. गवत. हा फुटलाय, पण गवतच."

"हं."

मग एक वेगळाच कण आला. लांबट, अंगावर बारीक जाळी. मी भिंग मागेपुढे करून पाहिलं. तीन चिरा नव्हत्या. आईनं दाखवलेल्यांपैकी तो कुठलाच नव्हता. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिला.

"मलाही ओळखता येत नाही," ते म्हणाले. "असे निघतात मधूनमधून."

"मग काय करायचं?"

त्यांनी कागदाच्या कडेला आणखी एक रकाना आखला, त्यावर 'अनोळखी' असं लिहिलं, खाली एक खूण केली आणि पेन तसंच धरून माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसले.